आमच्या 'काहून'वर काहून हसता?

पुण्यात येऊन तीन-चार दिवस झाले होते. मेसच्या रांगेत उभा होतो. पुढचा पोरगा मागं वळून म्हणाला, पोळ्या संपल्यात. मी विचारलं, "काहून?" बस, एवढाच एक शब्द. शेजारच्या टेबलावरचे चौघं हसले. वाईट हसले असं म्हणता येणार नाही, उलट प्रेमानंच हसले. एकानं सरकून जागा दिली आणि म्हणाला, "परत म्हण ना."

मी परत म्हटलं. पुढचे सहा-सात महिने मी तो शब्द मागणीप्रमाणे म्हणत होतो. कुणाचा वाढदिवस असला, कुणाची मैत्रीण भेटायला आली, की हाक यायची: ए बदनापूर, बोल की जरा तुझ्या भाषेत. आणि मी बोलायचो. मजा वाटायची, खोटं कशाला सांगू. नवीन शहरात ओळखीचं एक तिकीट फुकट मिळालं होतं.

मग एका ऑक्टोबरात घरून फोन आला. पाऊस लांबला होता, वावरात पाणी तुंबलं होतं. मी खोलीवर येऊन सांगितलं, "आमची सगळी तूर मर लागून वाळू राह्यली." एक जण फिसकन हसला. 'राह्यली'वर. त्याला मर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि वाळणाऱ्या तुरीवर तो हसला नव्हता, हे मलाही कळत होतं. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली ती आजवर गेली नाही. माझ्या तोंडून निघालेली वाईट बातमीसुद्धा आता आधी विनोद म्हणून ऐकली जाणार होती.

(जाता जाता: तुमच्या वरणातली तूर कदाचित आमच्या गावाच्या नावाची असेल. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेलं 'बीडीएन-७११' हे वाण शेतकऱ्यांत चांगलं ठाऊक आहे. बीडीएन म्हणजे बदनापूर.)

त्या पोरांशी माझं भांडण नाही. ते हसले कारण त्यांना तसं हसायला लहानपणापासून शिकवलं होतं, रोज रात्री, जेवताना, टीव्हीसमोर. माझं भांडण त्या शिकवणीशी आहे. आणि ते नीट मांडायचं तर आधी एका वेटरची गोष्ट सांगावी लागेल.

१९७५ साली बीबीसीवर 'फॉल्टी टॉवर्स' नावाची मालिका आली. समुद्रकाठच्या टॉर्की नावाच्या गावातलं एक हॉटेल, त्याचा तिरसट मालक बेसिल, त्याची करारी बायको आणि मॅन्युएल नावाचा वेटर. मालिकेचे सगळे मिळून भाग फक्त १२. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. आपल्याकडं बारा भागांत नायिकेचा साखरपुडासुद्धा होत नाही. तर हा मॅन्युएल बार्सिलोनाचा, स्पेनचा. त्याला इंग्रजी धड येत नाही, मालक सांगतो एक आणि तो करतो भलतंच, मग मालक त्याच्या टाळक्यात मारतो. प्रत्येक चुकीनंतर बेसिल गिऱ्हाइकांना एकच खुलासा देतो: बार्सिलोनाचा आहे हो. आणि लोक हसतात.

मालिका जगभर गेली. स्पेनमध्येही गेली. आता पंचाईत अशी की स्पेनच्या प्रेक्षकाला स्पेनच्या माणसाच्या अडाणीपणावर हसवायचं कसं? त्यांनी डबिंग करताना मॅन्युएलला इटलीचा केला. बार्सिलोना ज्या कॅटलोनियात आहे, तिथं कॅटलान भाषेत मालिका आली, तेव्हा तो मेक्सिकोचा झाला. माणूस तोच, मार तोच, चुकाही त्याच. फक्त पत्ता बदलला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी मोठ्यानं हसलो आणि नंतर बराच वेळ गप्प बसलो. कारण मराठी टीव्हीवरच्या त्या वेटरचा पत्ता मला पाठ आहे.

आता अमेरिकेकडं जाऊ. अमेरिकन लोकांना ब्रिटिश कॉमेडी इतकी का आवडते, यावर तिकडं पुष्कळ लिहितात. एक उत्तर नेहमीचं: ब्रिटिश विनोद कोरडा असतो, विनोद झाला हे ओरडून सांगत नाही, अमेरिकन नायक शेवटी जिंकतो, ब्रिटिश नायक शेवटी तोंडावर पडतो आणि काही शिकतही नाही. दुसरं उत्तर ॲक्सेंटचं: अमेरिकन कानाला ब्रिटिश बोलणं हुशार वाटतं, त्यात शिवीसुद्धा शिकलेली वाटते. दोन्ही उत्तरं खरी असतील. पण एक साधी गोष्ट त्यात राहून जाते.

'माँटी पायथन' अमेरिकेत १९७४ साली आधी कुठं लागलं? डॅलसमध्ये, टेक्सासच्या एका सार्वजनिक टीव्ही केंद्रावर. न्यूयॉर्कमध्ये नाही, बॉस्टनमध्ये नाही. टेक्सास म्हणजे जिथल्या लांबट बोलण्याची नक्कल अख्खी अमेरिका करते तो मुलुख. त्या लोकांनी लंडनच्या पोरांचा अत्यंत तिरपागडा कार्यक्रम, ओळखीचे नसलेले संदर्भ, न कळणारी नावं, हे सगळं जसंच्या तसं पाहिलं आणि उचलून धरलं. कुणी त्यांना समजावून सांगितलं नव्हतं. पुढं त्याच सार्वजनिक वाहिन्यांवर 'फॉल्टी टॉवर्स', 'आर यू बीइंग सर्व्ह्ड', 'कीपिंग अप अपिअरन्सेस' अशी रांग लागली आणि टेक्सासपासून मिनेसोटापर्यंत लोक ते पाहत राहिले.

ते पाहताना ते कशावर हसतात? ॲक्सेंटवर नाही. कारण पडद्यावर सगळेच तसं बोलतात. मालक तसंच बोलतो, बायको तसंच बोलते, गिऱ्हाईक तसंच बोलतं. एकदा सगळेच तसं बोलू लागले की पाच मिनिटांत ॲक्सेंट कानातून विरून जातो आणि समोर माणूस उरतो: खोटारडा, घाबरट, कंजूष, दिखाऊ. हसू त्या माणसावर येतं.

आता याच्या उलट बघा. अमेरिकेनं स्वतःच्या मालिकेत एकटा इंग्रज आणून बसवला की तो काय होतो? 'फ्रेश प्रिन्स'मध्ये बटलर होतो. 'फ्रेझर'मध्ये डॅफ्नी, म्हणजे म्हाताऱ्याची देखभाल करणारी मँचेस्टरची बाई. गोड बाई आहे, मलाही आवडते. पण सुरुवातीच्या भागांत तिनं तोंड उघडलं की तिचं बोलणं हाच विनोद. आणि गंमत म्हणजे इंग्लंडातले लोक तिच्या ॲक्सेंटला नावं ठेवत: हा मँचेस्टरचा नाहीच, हा कुठलाच नाही. पुढं मालिकेत तिचे भाऊ आले तर त्यातल्या प्रत्येकाचा ॲक्सेंट वेगळा. एका आईच्या पोटचे, आणि चार दिशांचं बोलणं. अमेरिकेला पर्वा नव्हती, तिला 'तिकडचं' काहीतरी ऐकू आलं म्हणजे पुरे होतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. बोली विनोदी नसते, बोलीचा एकटेपणा विनोदी करून ठेवतात. एखाद्या प्रसंगात तशी बोलणारी माणसं किती आहेत ते मोजा. एकच असेल तर हसू बोलीवर पडणार. सगळी असतील तर माणसावर.

हे मोजमाप घेऊन मराठी टीव्हीकडं या. सोसायटीचा वॉचमन. कामवाली मावशी. हवालदार. गावाकडून अचानक उगवलेला मामा, हातात पिशवी आणि पिशवीत कोंबडी. घरात सगळे शुद्ध बोलतात, साड्या इस्त्रीच्या, सोफ्याला प्लॅस्टिक नाही. आणि दार वाजतं. दारात हा. तो "आता गं बया" म्हणतो आणि मागून हशा लागतो. त्यानं अजून विनोद केलेला नसतो, फक्त तोंड उघडलेलं असतं.

आणि तो बोलतो ती भाषा कुठली? हे विचारा एकदा. निम्मी सातारा-कोल्हापूरकडची, जी मराठी सिनेमानं आणि तमाशापटानं 'गावरान' म्हणून रूढ केली. त्यात चिमूटभर वऱ्हाडी. शेवटी एक 'लेकाच्या'. जालन्याचा माणूस 'काहून' म्हणतो, आमच्याच तालुक्यात पुढच्या गावाला 'कामून' म्हणतात. आम्ही 'करू राह्यलो' म्हणतो, तर लातूर-नांदेडकडं 'करलालाव', 'करायलाव' असं पुष्कळ आहे. आम्ही 'तो बसेल हे' म्हणतो, म्हणजे तो बसलेला आहे. पन्नास-शंभर किलोमीटरवर कान बदलतो. टीव्हीवरच्या मामाचं गाव मात्र कुठल्याच नकाशावर नाही. तो डॅफ्नीचा भाऊ आहे.

आमच्या घरी रात्री टीव्ही चालू असतो. असाच एक मामा एकदा पडद्यावर आला, तेव्हा माझी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "हे कुठलं बोलू राह्यलं बाप्पा?" तिला वाटलं, तो परदेशी आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही, विनोदात सगळ्यांचीच टर उडते. पुणेकरांची काय कमी उडते? दुपारची झोप, पाट्या, चहाला न विचारणं. खरंय. पण त्या विनोदांत पुणेकर काय असतो ते बघा. तो खवचट असतो, हिशेबी असतो, आणि शेवटचं वाक्य त्याचं असतं. समोरच्याचा पोपट होतो आणि पुणेकर पाटी पुसून आत जातो. असा विनोद माझ्यावर करा ना, मी पेढे वाटीन. आमच्या वाट्याला आलेल्या विनोदात शेवटचं वाक्य कधीच आमचं नसतं. आम्ही फक्त पहिलं वाक्य बोलतो, तेही चुकीचं.

मालवणीचंही एके काळी असंच होतं. मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी बोलणारा म्हणजे बहुतेक घरगडी. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. कोकणातल्या एका गावात हौशी मंडळी द्रौपदी-वस्त्रहरणाचं नाटक बसवतात, आणि रंगमंचावर धर्मराजापासून गावच्या तात्यापर्यंत सगळे मालवणीत. मच्छिंद्र कांबळी त्यात उभे राहिले आणि त्या नाटकाचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. सुरुवातीला नाटक पडतंय की काय असं वाटत होतं म्हणतात, पण नंतर दादर-पार्ल्याची मंडळी तिकिटाला रांगा लावून आली. मालवणी कळत होती म्हणून आली असं नाही. घरगड्याची भाषा द्रौपदीच्या तोंडी गेली, भीमाच्या तोंडी गेली, आणि एकदा ती सगळ्यांच्या तोंडी गेल्यावर घरगडी नाहीसाच झाला. आज टीव्हीवर कोकणातलं एखादं स्किट रंगतं, त्यात अख्खं घर तसं बोलतं, त्याच्या पाठीशी ते नाटक आहे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त कोळी कुटुंबाचं किंवा कोकणी वाडीचं स्किट लागलं की आमच्या गल्लीतली लेकरंसुद्धा टीव्हीला चिकटतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना भाषांतर लागत नाही.

मराठवाड्यानं हे केलंच नाही असं मात्र नाही. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाटक शिकवायचे. त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लिहिलं आणि एकट्यानं केलं. ५२ पात्रं, एक माणूस, एक उपरणं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानात बसून लंडनला जातं, एवढीच गोष्ट. लंडनचा विनोद अमेरिकेला गेला त्याचं सगळ्या जगाला कौतुक, आमचं वऱ्हाड लंडनला गेलं ते आपल्या पोरांना माहीतही नसतं. त्या प्रयोगातली खुबी बघा: सांगणाराच मराठवाड्याचा. कथेचा मालक तोच. विमानतळावरचा साहेबसुद्धा त्याच्याच गळ्यातून बोलणार. तिथं परका ठरतो तो साहेब. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढं माजलगावच्या संदीप पाठकांनी तो प्रयोग उचलला आणि तो अजून चालतो.

आणि २००५ चा 'कायद्याचं बोला'. हा सिनेमा 'माय कझिन व्हिनी' या अमेरिकन सिनेमावरून घेतलेला. मूळ सिनेमात ब्रुकलिनच्या वळणाचं बोलणारा एक नवखा वकील अलाबामाच्या कोर्टात जाऊन उभा राहतो, जज त्याच्या उच्चारावरूनच वैतागतो, आणि शेवटी तोच केस जिंकतो. मराठीत हा वकील मकरंद अनासपुरे. म्हणजे बीडकडचा, औरंगाबादेत नाटक शिकलेला नट, आणि काळा कोट घालून तो आपल्या बोलीत उलटतपासणी घेतो. इथं माझा वरचा मोजणीचा नियम मोडतो, कारण कोर्टात तो एकटाच तसं बोलतो. पण हसता हसता प्रेक्षक त्याच्या बाजूला सरकतो. कारण शेवटचं वाक्य त्याचं आहे. तेव्हा नियम दुरुस्त करून घेतो: एक तर सगळ्यांना ती बोली द्या, नाहीतर निदान जिंकणाऱ्याला द्या. दोन्ही जमत नसेल, तर मग तो मामा दारातूनच परत पाठवा.

हे बोललं की लगेच एक ठरलेलं उत्तर येतं. "अरे, पण ती भाषा बाकीच्यांना कळणार नाही."

कळणार नाही! 'सैराट' येऊन वर्षं झाली. २०१६ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रानं करमाळ्याकडची भाषा तीन तास ऐकली, सबटायटल मागितले नाहीत, आणि आर्ची बोलताना कुणी तिच्या बोलण्यावर हसलं नाही. हसले ते ती समोरच्याची जी जिरवते त्यावर. 'पंचायत' २०२० पासून आमच्या गावातली पोरं पाहतात. त्यातलं फुलेरा हे बलियाकडचं गाव. बलिया कुठं आहे ते आमच्यातल्या कुणाला नकाशात दाखवता येणार नाही, पण प्रधानजी आणि बनराकस बोलतात ते शब्दन् शब्द कळतं. कोरियन मालिका बघतात, तमिळ सिनेमे डबमध्ये बघतात. आणि आमच्या भागात तर दखनीचा कान घरचाच आहे. हैदराबादच्या 'द अंग्रेज'मधला इस्माईल भाई २००५ पासून आमच्याकडं सीडीवर, मग मेमरी कार्डावर, मग यूट्यूबवर फिरला. तो कुणी भाषांतर करून दिला नव्हता. प्रेक्षक भीत नाही. पैसे लावणारा भितो.

अमेरिकेतही हीच भीती होती. आपल्या लोकांना ब्रिटिश बोलणं झेपणार नाही म्हणून तिथल्या वाहिन्यांनी 'फॉल्टी टॉवर्स' तीनदा नव्यानं करून पाहिलं. १९७८ मध्ये एक नमुना-भाग, १९८३ मध्ये 'अमांडाज', त्यात मालकाच्या जागी मालकीण, १९९९ मध्ये 'पेन'. तिन्ही पडले. त्याच काळात लोक मूळ बारा भाग पुन्हा पुन्हा बघत होते.

पण जे जमले त्यांत काय केलं होतं तेही बघण्यासारखं आहे. 'स्टेप्टो अँड सन' ही लंडनच्या भंगारवाल्या बापलेकांची मालिका. अमेरिकेत १९७२ साली तिचं 'सॅनफर्ड अँड सन' झालं, तेव्हा भंगाराचं दुकान लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत गेलं आणि बापलेक काळे झाले. रेड फॉक्सनं बाप केला. गरिबाची मालिका गरिबाच्याच वस्तीत ठेवली, आणि त्या वस्तीची भाषा नायकाच्या तोंडी दिली. 'द ऑफिस'चंही तसंच. मूळ ब्रिटिश मालिका २००१ ची, स्लाव नावाच्या कळाहीन गावातल्या कागद कंपनीची. २००५ मध्ये अमेरिकेनं ती घेतली तेव्हा न्यूयॉर्कला नाही नेली, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला नेली. कोळशाच्या खाणी बंद पडून मागं राहिलेलं शहर. स्क्रँटनच्या लोकांनी त्याचा राग धरला नाही, पुढं मालिकेच्या चाहत्यांचा मेळाच शहरात भरवला. आणि २०१९ मध्ये भारतात हिंदी 'ऑफिस' झालं ते फरिदाबादला. म्हणजे तिघांनाही एक कळलं होतं: अशा विनोदाला मोठ्या शहराच्या शेजारचं, जरा दुर्लक्षित गाव लागतं, आणि ते खरं गाव लागतं.

आमचं जालना काय स्क्रँटनपेक्षा कमी आहे का? स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी, आणि पाणी आठवड्यातून कधी येईल त्यावर ठरणारं घराचं वेळापत्रक. बदनापूर तर हायवेवरच आहे. संभाजीनगरकडं जाणारा प्रत्येक जण आमच्यातून जातो आणि कुणी थांबत नाही. यापेक्षा चांगलं ऑफिस कुठं मिळेल?

गावाकडच्या मराठी वेबमालिका निघाल्या, चालल्या, लाखोंनी पाहिल्या. 'गावाकडच्या गोष्टी', 'चांडाळ चौकडीच्या करामती'. दोन्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या. त्यांचा हेवा वाटतो पण राग नाही. त्यांनी आपल्या गावात कॅमेरा लावला, सगळ्यांना आपल्यासारखं बोलू दिलं. आम्ही काय केलं?

आम्ही रील काढले. याचा राग मला पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त आहे. आमच्याच भागातली पोरं, हातात चांगले फोन, आणि रीलमध्ये काय? फाटकी बंडी, दाताला काळं, डोक्यावर उलटी टोपी, आणि कर्कश आवाजात 'गावठी' बोलणं. गावात कुणी तसं बोलत नाही हे त्यांना माहीत आहे. ते मुंबईनं दिलेला मामा पुन्हा मुंबईला विकू राह्यले. व्ह्यू येतात, नाही कोण म्हणतं? मीही सहा महिने मेसमध्ये तेच विकलं होतं. भाव तोच होता: एक हशा.

खरं तर आमच्याकडं याहून जुना आणि चांगला माल पडून आहे. पैठण आमच्यापासून फार लांब नाही. एकनाथांनी चारशेहून जास्त वर्षांपूर्वी भारुडं लिहिली, त्यात जोशी, महारीण, भुत्या, जोगी असे सगळे आपापल्या बोलण्यात बोलतात. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे, त्यात एक मराठीत भांडतो, दुसरा दखनीत, दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ खिल्ली उडवतात आणि शेवटी गळाभेट घेतात. दोघांना सारखे संवाद. शेवटचं वाक्य कुणा एकाचं नाही. आज असं स्किट टीव्हीवर कुणी करून दाखवावं, मी पैज लावतो.

तरी दर २७ फेब्रुवारीला आम्हाला सांगतात की ज्ञानेश्वर आपेगावचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे. मराठीची गंगा तुमच्याकडून निघाली म्हणे. आणि २८ तारखेला मुलाखतीत तोच साहेब म्हणतो, तुमची भाषा जरा सुधारावी लागेल.

ही 'शुद्ध' कुणी ठरवली, हाही एक विनोदच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याला मदत करणारा मेजर टॉमस कँडी पुढं कितीतरी वर्षं मराठी शाळेची क्रमिक पुस्तकं तपासत होता. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मराठीला शुद्ध म्हणण्याच्या कामात एका इंग्रजाचा लाल दौत-टाक होता. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. कारभार आधी फारसीत, मग उर्दूत, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही त्या शाळेत बसलोच नव्हतो. आम्ही नापास झालेलो नाही. आमची परीक्षाच झाली नाही, निकाल मात्र लागला.

'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये हायसिंथ नावाची बाई आहे. तिचं आडनाव बकेट, म्हणजे बादली. ती सगळ्यांना सांगते, उच्चार 'बुके' असा आहे. फोन वाजला की ती आवाज बदलते, गरीब बहिणी दारात आल्या की लपते. १९९० ते १९९५ ही मालिका चालली आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिन्यांवर तिचे भाग आजवर लागत आलेत. मला ती मालिका मित्रानं दाखवली. दुसऱ्या भागानंतर मला हसू येईना. कारण पुण्यात वर्ष सरता सरता मी स्वतः बुके झालो होतो. 'काहून' टाकलं, 'का बरं' घेतलं. 'माय'ची 'आई' केली. ऑफिसमध्ये फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचो. एकदा जिन्यात जायला वेळ मिळाला नाही, सगळे समोर बसलेले. मी म्हणालो, "हो आई, बोल ना. का बरं, काय झालं?"

पलीकडं क्षणभर शांतता. मग माय म्हणाली, "कोन बोलू राह्यलं?"

मी नाव सांगितलं. तिला पटायला वेळ लागला.

हायसिंथवर मात्र आपण हसतो ते तिच्या बहिणींच्या बाजूनं. लिहिणाऱ्यानं ठरवलं होतं की खोटं बोलणं हास्यास्पद ठरेल, साधं बोलणं नाही. तेवढं ठरवायला स्टुडिओ लागत नाही, बजेट लागत नाही.

मी एक स्किट लिहू राह्यलो. बदनापूर स्टेशन. सकाळची पॅसेंजर उशिरा. बाकावर तिघं बसेल हेत: एक वावर विकून आलेला, एक वावर घ्यायला निघालेला, आणि तिसरा दोघांचाही दलाल, पण दोघांनाही ते माहीत नाही. तिघं एकाच बोलीत बोलतात, तिघंही लबाड आहेत, आणि तिघांची भाकरी एकाच फडक्यात आहे. आठ मिनिटं होतात. मग पुण्याहून आलेला एक पोरगा, पाठीवर सॅक, कानात इअरफोन, येऊन विचारतो, "एक्स्क्यूज मी, गाडी का बरं लेट आहे?"

बाकावरचे तिघं एकमेकांकडं बघतात. मग दलाल जरा सरकून जागा करतो आणि म्हणतो, "परत म्हण ना."